सोलापुरातलं माझं खळं

आमच्या वसाहतीत मला पाठीमागे ‘चप्पलवाला’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, माणसं चांगली आहेत. मी चपला विकत नाही आणि शिवतही नाही. हे नाव कसं पडलं ते सांगायचं तर आधी मी समुद्रापासून इतक्या लांब कसा आलो ते सांगावं लागेल, आणि ते सांगताना मला सारखी धास्ती असते की ऐकणारा मधेच विचारेल, मग परत का जात नाहीस?

मी चिऱ्यांच्या ट्रकातून आलो. चिरा म्हणजे आमच्या कोकणातला तांबडा दगड, खाणीतून मोठ्या विटेसारखा कापून काढतात. सोलापूरच्या एका शेठना सहलीत तो फार आवडला. आपल्या नव्या वसाहतीच्या गेटाचे खांब त्याचेच पाहिजेत म्हणून त्यांनी ट्रकभर चिरे मागवले, सोबत गवंडी मागवला, आणि गवंड्याच्या हाताखाली मी आपोआप आलो. खांब उभे राहिले. गवंडी घरी निघाला. मी पिशवी घेऊन त्याच्या मागे निघालो तर शेठ म्हणाले, “थांब की.”

आमच्याकडे ‘की’ आला म्हणजे पुढे दुसरं काहीतरी येतं. थांब की जा, थांब की जेवून घे. मी पुढचं ऐकायला थांबलो. शेठ फोनवर बोलत निघून गेले. तेव्हापासून मी थांबलेलाच आहे.

माझं शिक्षणही असंच अर्ध्यावर थांबलेलं. आठवीत असताना ओढ्यावरचा साकव, म्हणजे लाकडी पायपूल, पावसात वाहून गेला. शाळा पलीकडे, आम्ही अलीकडे. पुढच्या वर्षी गावानं साकव परत बांधला, पण तोवर मी आंब्याच्या पेट्या भरायला लागलो होतो आणि परत जायची लाज वाटली. त्याचा परिणाम असा की मोठी माणसं बोलतात त्यातलं मला अर्धंच कळतं, आणि उरलेल्या अर्ध्याच्या भीतीनं मी आधीच ‘हो’ म्हणून टाकतो.

शेठची वसाहत शहराबाहेर, एका आवारात तीन तऱ्हेची. रस्त्याला लागून बंगले. त्यांच्या मागे एकमेकांना खांदा लावून उभी असलेली रो हाऊस. सगळ्यात मागे विड्या वळणाऱ्या आणि मागावर काम करणाऱ्या कुटुंबांची लहान घरं, एक खोली आणि तिला संकोचानं चिकटलेलं स्वयंपाकघर. या तिघांच्या मधोमध एक भलामोठा चौकोन मोकळा सोडला होता. नकाशात तो हिरवा रंगवलेला. प्रत्यक्षात काळी माती, थोडा मुरूम आणि मधे एक कडुनिंब.

“ही ओपन स्पेस,” शेठ म्हणाले. “हिच्यावर कुणाला काय करू द्यायचं न्हाई. समद्यांनी वापरायची, पण धरायची कुणीच न्हाई. कळालं?”

मी हो म्हणालो. कळलं होतं ते फक्त पहिलं वाक्य.

मला वॉचमन नेमलं आणि राहायला त्या कडुनिंबाखालीच पत्र्याची खोली करून दिली. म्हणजे मोकळी जागा मोकळी ठेवायला नेमलेला माणूस तिच्या बरोबर मध्यावर घर करून बसला. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच. मला फक्त खोली दिसत होती. जन्मात पहिल्यांदा माझा शर्ट माझ्या एकट्याच्या खिळ्याला लटकत होता. आईला फोन केला तर तिनं पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, “थंय सावळी आसा मा रे?” तिथं सावली आहे ना? मी कडुनिंबाचा फोटो पाठवला, खोली मुद्दाम त्यात येईल असा. फोटो पाठवला आणि लगेच काळजी लागली. ही खोली गेली तर या शहरात माझं म्हणायला दुसरं काहीच नव्हतं, आणि आईला तर आता फोटो गेला होता.

म्हणून मी कामाला लागलो. खोली टिकवायची तर शेठचं वाक्य पाळलं पाहिजे. क्रिकेटच्या यष्ट्या उपटल्या. शेळ्या हाकलल्या. बंगल्यातल्या एकांनी जुना सोफा आणून ठेवला होता, तो त्यांच्या दारात नेऊन परत ठेवला आणि वर त्यांनाच ‘थँक्यू’ म्हणालो. मागच्या घरांतल्या एक बाई उन्हात विटकी चादर पसरून त्यावर लाल मिरच्या वाळत घालायच्या. दिवसभर उंबऱ्यावर बसून विड्या वळायच्या, घरात तेलुगू बोलायच्या, आणि सगळी वसाहत त्यांना अक्का म्हणायची.

“अक्का, इथं नको.”

“मग कुठं? घरात? घरात आम्हीच उभ्यानं वाळतोय.”

“शेठनी सांगितलंय.”

“शेठ तिखट खात नाही काय?” असं म्हणून त्यांनी चादरीची चार टोकं धरली आणि मिरच्या उचलून नेल्या. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला ऊन लागलं. आमच्याकडे उकाडा सांगून येतो, आधी घाम येतो, मग चिडचिड. इथलं ऊन काही न बोलता अंगात शिरतं. मी खोलीत आडवा पडलो तो उठेचना. दुपारी कुणीतरी दार ढकललं. अक्का होत्या, हातात ज्वारीच्या आंबिलीचा तांब्या, ताक घालून पातळ केलेली, वर कांदा. ओला पंचा माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “झोप तम्मुडा. तुझी ओपन स्पेस कुठं पळून जात नाही.” तम्मुडा म्हणजे त्यांच्या तेलुगूत धाकटा भाऊ. हे मला मागाहून कळलं. त्या वेळी वाटलं, शिवी देतायत, आणि बरोबरच आहे.

बरा झाल्यावर मला या उपकाराचं ओझं झालं. मला आभार मानता येत नाहीत, मी कामं काढतो. मी ठरवलं, अक्कांच्या मिरच्यांसाठी, सगळ्यांसाठीच, इथं खळं करायचं.

खळं म्हणजे आमच्या घरापुढचं अंगण. पाऊस सरला की ते खणायचं, पाणी मारायचं, लाकडी चोपण्यानं बडवून बडवून सपाट करायचं आणि शेणानं सारवायचं. मग वर्षभर त्यावर भात वाळतं, सुपारी वाळते, लग्नं लागतात, म्हातारी माणसं झोपतात. मोकळ्या जागेचं दुसरं काही करतात हे मला ठाऊकच नव्हतं. पाऊस उघडल्यावर मी बाभळीच्या ओंडक्याचं चोपणं केलं आणि कडुनिंबाभोवती बडवायला बसलो.

रो हाऊसमधले एक काका रोज येऊन बघत उभे राहायचे. करमाळ्याकडचे, हयातभर शेती केलेले, मुलाच्या नोकरीमुळे शहरात आलेले आणि त्यामुळे कुणाचंही काम बघायला मोकळे.

“काय करायलास?”

“खळं, काका.”

“मळायला काय आनलंयस?”

“मळायचं नाही. आमच्याकडे घरापुढच्या अंगणाला खळं म्हणतात.”

“आसं व्हय. आन घर कुटं हाय?” काकांनी माझ्या पत्र्याच्या खोलीकडे पाहिलं. त्यांचं ते बघणं मला फार लागलं.

पहिलं खळं वाळलं आणि तडकलं. भेगा अशा पडल्या की एका भेगेत माझी किल्ली गेली. दुसऱ्यांदा शेण जास्त घातलं, तर तडकलंही आणि पापुद्रेही सुटले. काका म्हणाले, “काळी माती हाय बाबा. तिला सारवत न्हाईत, पेरत्यात. मुरूम घाल की लई.” मुरूम घातला. तिसऱ्यांदा खळं धरलं. सकाळच्या उन्हात असं चकाकलं की मी कडेला बसून त्याच्याकडे बघत चहा प्यायलो.

आणि इथं ती चूक झाली. सारवलेल्या खळ्यात आमच्याकडे कुणी चप्पल घालून आलं तर आई केरसुणी घेऊन मागे लागते. माझ्या हाडातच आहे ते. मी पत्र्यावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ असं रंगवून पत्रा झाडाला टांगला आणि शेजारी पहारा करत उभा राहिलो. खळं केलं होतं वापरण्यासाठी, पण आता ते खराब होईल या धास्तीनं मला कुणी वापरलेलं बघवेना.

पहिले आले बंगल्यातले वकीलसाहेब. रोज सकाळी पांढरे बूट घालून फिरणारे.

“हे काय आहे?”

“खळं, साहेब.”

“मी वॉकला आलोय.”

“चाला की साहेब. फक्त बूट तिथं काढा.” मलाही आता ‘की’ लागला होता.

“चालायचे बूट काढून चालायचं, तर मग मी इथं दर्शनाला आलोय का?”

मी नुसता हात जोडून उभा राहिलो. मला वाटलं, माफी मागतोय. त्यांना काय वाटलं कोण जाणे. ते थोडा वेळ कडुनिंबाकडे बघत राहिले आणि बूट काढून चालायला लागले. पोरं अनवाणी बोलिंग टाकायला लागली. हळूहळू लोक आपण होऊनच कडेला चपला काढायला लागले. मला माझ्या पाटीचा अभिमान वाटला.

खोलीपुढे मी खांबांतून उरलेला एक चिरा टाकला होता. पहाटे, वसाहत उठायच्या आत, त्यावर बसून मी अंघोळ करायचो, टाचा घासायचो. एका पहाटे बादली घेऊन बाहेर आलो तर चिऱ्यावर हळदकुंकू. मी बादली घेऊन परत आत गेलो. दुसऱ्या दिवशी उदबत्ती, मग नारळ. मग कडुनिंबाच्या फांदीला कुणीतरी भगवं फडकं बांधलं.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. जिथं चपला काढतात तिथं देव असतो, हा हिशेब लोकांनी लावला होता, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. झाड होतं, शेणानं सारवलेली जमीन होती, तांबडा दगड होता आणि हात जोडून उभा असलेला एक परका माणूस होता. वॉचमननं कोकणातला देव आणलाय, अशी बातमी शेजारच्या कॉलनीपर्यंत गेली. तिथल्या दोन बायका येऊन विचारून गेल्या, “नवसाला पावतो का हो?” मी म्हणालो, “मला माहीत नाही.” त्यांना तो नम्रपणा वाटला.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण काय सांगणार? हा माझा अंघोळीचा दगड आहे, आणि तुम्ही ज्याला नमस्कार करताय त्यावर मी पाय घासले आहेत? मार पडला नसता कदाचित, पण खोली नक्की गेली असती. मी खोलीच्या मागे बादली ठेवून, भिंतीला चिकटून अंघोळ करू लागलो. अक्कांच्या मिरच्या तर आलेल्याच नव्हत्या. मी एकदा धीर करून म्हणालो, “अक्का, आणा आता मिरच्या.” त्या म्हणाल्या, “देवापुढं मिरच्या कशा घालू, तम्मुडा?” आणि तोंडाला पदर लावून हसल्या. का हसल्या ते मला तेव्हा कळलं नाही.

जागा तर आता पहिल्यापेक्षाही रिकामी झाली होती.

अशात शेठनी सांगितलं की वसाहत आता रहिवाशांच्या ताब्यात द्यायची. ओपन स्पेसचं काय करायचं ते त्यांनीच ठरवावं. वकीलसाहेबांनी तोड काढली होती. तीन तऱ्हेची माणसं, तीन तऱ्हेच्या गरजा, तर दोन भिंती घालून तीन भाग करावेत. बंगल्यांना हिरवळ, रो हाऊसना गाड्या लावायला जागा, आणि मागच्यांना त्यांचं ते देवस्थान. कुणी कुणाच्या वाटेला जायला नको. शेठनी चुन्याच्या फक्कीनं रेषा मारून पाहिली. रेषा खळ्याच्या मधून सरळ माझ्या खोलीच्या दारात गेली.

“तुझी खोली मधे येतीय रे,” शेठ म्हणाले. “बघू.”

त्या ‘बघू’नं माझं जेवण तुटलं. भिंती झाल्या की ज्यानं त्यानं आपापला तुकडा सांभाळला असता. मग राखायला माणूस कशाला, आणि माणसाला खोली कशाला?

रविवारी सकाळी खळ्यावरच सतरंज्या टाकून बैठक बसली. सगळ्यांनी सवयीनं चपला बाहेर काढल्या. मी मागे, खोलीच्या दाराला टेकून. वकीलसाहेबांनी सुरुवात केली, “आधी दगडाचं बोलू. सार्वजनिक जागेवर हे देवस्थान मागच्या लोकांनी केलंय.”

“आम्ही?” अक्का म्हणाल्या. “आमचे देव आमच्या घरात आहेत, जागा नसली तरी. नारळ कोण फोडतं रविवारी? बंगल्यातल्या बायकाच की.”

“आमच्या घरातल्या कुणी…”

“त्या वॉचमनला इचारा की,” काका मधेच म्हणाले. “दगूड त्येनं आनलाय.”

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. अजून कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो, “हो.”

“हो म्हणजे काय?” वकीलसाहेब म्हणाले.

अक्का म्हणाल्या, “तो काय सांगणार, बिचारा. अंघोळीचा दगड आहे त्याचा. रोज पहाटे त्यावर बसून टाचा घासायचा. मी पाणी भरायला उठते, मला दिसतं.”

नारळवाल्या एक बाई सतरंजीची दशी ओढायला लागल्या.

“तरीच,” वकीलसाहेब हळू म्हणाले, “दगडाला साबणाचा वास यायचा.”

वास यायला किती खाली वाकावं लागतं हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. पहिल्यांदा काका हसले, मग मागची घरं, मग बंगले. शेवटी वकीलसाहेबही हसले, पण कान लाल करून.

“आन मग तू बोलला का न्हाईस?” शेठनी मला विचारलं.

“हळद लागल्यावर तो नुसता दगड राहतो का, ते मला ठरवता येईना,” मी म्हणालो. हे मात्र खरं होतं. अजूनही ठरलेलं नाही.

“आता टाकून बी देता येत न्हाय,” काका म्हणाले. “गेटाचा दगूड हाय न्हवं? तितंच ठिवा. देव आसंल तर गेट राखंल, दगूड आसंल तर बसाय हुईल.” यावर कुणालाच काही सुचलं नाही, म्हणजे ते मंजूर झालं.

मग भिंतींचा विषय निघाला. अक्का उठून उभ्या राहिल्या. “नवरात्रात आमची बतुकम्मा असते. फुलं रचून मधे ठेवतात आणि बायका भोवती गाणी म्हणत फिरतात. आतापर्यंत रस्त्यावर फिरलो, रिक्षावाले हॉर्न मारायचे. इथं जागा आहे म्हणून वाटलं होतं… पण भिंत घातली तर कसं फिरायचं? बायका गोल फिरतात, भिंतीला धडकून परत नाही येत.”

“वर्षातले थोडेच दिवस,” वकीलसाहेब म्हणाले. “आणि माझं रोजचं चालणं?”

“तुमी बी गोलच फिरताय की,” काका म्हणाले. “त्या बी गोलच फिरत्यात. भिंत घातल्यावर तुमी काय चौकोनी फिरनार हाय का?”

वकीलसाहेबांनी फक्कीच्या रेषेकडे पाहिलं. मग झाडाकडे. मग त्यांची नजर माझ्या खोलीवर येऊन थांबली. “गोल फिरायचं तर मधे हे काय आहे? या जागेवर बांधकाम असं हे एकच आहे.”

मला ही वेळ येणार हे ठाऊक होतं. दुसऱ्यानं शिक्षा सांगायच्या आत आपणच सांगून टाकली तर कमी लागते असा माझा जुना समज आहे. “काढतो साहेब,” मी म्हणालो. “आजच काढतो. धरायची कुणीच नाही, शेठ म्हणालेच होते. मी जातो.”

“गप बस,” अक्का म्हणाल्या. “तुला कुणी विचारलं?”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. “एक सांगा. तुम्ही वॉचमन ना?”

“हो.”

“मग गेटावर कोण असतं?”

मी विचार केला. “कुणीच नाही, साहेब.”

पुन्हा हशा झाला, या वेळी शेठना खोकला आला, कारण मला मध्यावर बसवलं होतं ते त्यांनीच. “चिरे उरल्यात की,” ते खोकल्यातून म्हणाले. “गेटावर खोली बांधून टाकू.” मी पुढचं ऐकायला थांबलो नाही. पुढे काही नसतं, एवढं मला आता कळतं.

भिंती झाल्या नाहीत. पत्र्याची खोली मीच सोडवली. जिथं माझी खाट होती तिथं फिकट मातीचा चौकोन निघाला, तो सारवून बाकीच्यात मिसळायला मला बराच वेळ लागला, की मी तो लावला. पाटी काढली. फडकं वळवाच्या पावसातच गेलं होतं. मिरच्या परत आल्या, काकांच्या ज्वारीची पोती आली, क्रिकेट बूट घालून सुरू झालं. खळ्याला पोपडे सुटले तेव्हा माझा जीव तीळतीळ तुटला, पण मी पाटीला हात लावला नाही. बतुकम्माच्या संध्याकाळी झेंडू आणि रानफुलांचे ढीग रचले गेले, आणि बायकांनी न सांगता कडेला चपला काढल्या. अक्कांनी लांबून हाक मारली, “तम्मुडा, पाटी लाव की आता.” सगळ्या हसल्या. वकीलसाहेब चालणं सोडून बंगल्याच्या बाजूला उभं राहून बघत होते. बूट पायातच होते, पण खळ्याच्या बाहेर.

माझी खोली आता गेटावर, गेटाच्या खांबाला लागून, त्याच तांबड्या दगडाची. शेजारी तो चिरा. लोक येता-जाता त्यावर बसतात, वकीलसाहेब बुटाची नाडी बांधतात. कुंकवाचा डाग अजून पुसट दिसतो. मी काही त्यावर बसत नाही, उगाच कशाला.

परवा आईचा फोन आला. तिनं तेच विचारलं. मी म्हणालो, इथं झाड नाही, खांबाची सावली पडते थोडी. “आपल्याच चिऱ्याची मा?” ती म्हणाली. “मगे बरां.”

सावली अरुंद आहे आणि सारखी हलते. मी स्टूल घेऊन दिवसभर तिच्याबरोबर सरकत असतो. लांबून बघणाऱ्याला वाटत असेल, वॉचमन फार दक्ष आहे.